आयरिश क्लबचा सत्कार

आमच्या आयरिश क्लबचा इतिहास ऐकायला मी शंभर वेळा तरी सुरुवात केली असेल. शेवटापर्यंत मात्र एकदाच ऐकला, आणि त्या एका खेपेत क्लब बुडाला.

इतिहास तरी कसला? एवढ्याशा इतिहासावर आमच्या पेठेत कुणी अर्धा कप चहा पाजला नसता. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल हा खेळ नसतो, भाऊबंदकी असते. तालमीचा संघ हरला की त्या रविवारी घरात मटण शिजत नाही. जिंकला की समोरच्या पेठेतल्या मेहुण्याला फोन जातो, तोही फक्त खाकरून ठेवून देण्यासाठी. तिथून मी व्हिसावर न्यू जर्सीत आलो, आयसेलिनजवळ अपार्टमेंट घेतलं, आणि पहिल्या महिन्यातच कळलं की ओक ट्री रोडवर पैठणी मिळते, चकलीची भाजणी मिळते, पूजेची सुपारीसुद्धा मिळते. फुटबॉल खेळणारा मराठी माणूस तेवढा मिळत नाही.

इथला मराठी माणूस क्रिकेट खेळतो. शनिवारी सकाळी पांढरेशुभ्र कपडे, नाकावर कसलंसं मलम, डोळ्यांना महागडा गॉगल, आणि तिसऱ्या षटकात मांडीचा स्नायू धरून बसलेला. मग उरलेला दिवस बाउंडरीच्या बाहेर डबे उघडून स्ट्रॅटेजीवर चर्चा. या लोकांना मी पहिल्या दिवसापासून तुच्छ मानत आलो आणि मत बदलावं असं त्यांनी अजून काही केलेलं नाही.

क्लब मला असाच सापडला. काउंटीच्या पार्कात एका रविवारी फिरत होतो. हिरव्या शर्टातले नऊजण अकराजणांशी खेळत होते आणि रेषेबाहेर एक उंच, लालबुंद म्हातारा आपल्याच माणसांना शिव्या घालत होता. मी थांबलो. म्हाताऱ्याने मला पायापासून वर पाहिलं, डोक्यापासून खाली नाही, हे मला आवडलं.

"कुठे खेळतोस?" त्याने विचारलं.

"लेफ्ट बॅक."

त्याने गाडीची डिकी उघडली. आत एक पोतं होतं आणि पोत्यात जुने बूट. एकाही बुटाचा जोडीदार त्यात असावा असं वाटत नव्हतं. त्यातला एक डावा, एक उजवा निवडून त्याने माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "हाफटाइमनंतर आत जा." माझं नाव त्याने पुढच्या महिन्यात विचारलं.

क्लब नावाला आयरिश होता. मी गेलो तेव्हा मैदानावर एकच आयरिश होता आणि त्यानेही आयर्लंड टूरिस्ट बसच्या काचेतूनच पाहिलेलं. बाकी इक्वाडोरचे दोन सुतार, घानाचा एक नर्स, काही पोलिश, आणि मी. आयरिश माणसं मैदानाबाहेर होती. घडीच्या खुर्च्यांवर बसलेले चार-पाच म्हातारे, गुडघ्यावर ब्लँकेट, तोंडात अखंड टीका. लीगही चाळिशीच्या पुढच्यांची. म्हणजे ज्यांच्या बायका त्यांना रविवारी सकाळी घरात ठेवायला तयार नाहीत अशांची.

लाल चेहऱ्याचा म्हातारा क्लबचा अध्यक्ष होता. अध्यक्ष, कोच, सचिव, धोबी, सगळं तोच. त्याच्या बापाने चारसहा मित्रांबरोबर क्लब काढला होता. भाऊ होते ते फ्लोरिडाला निघून गेले. हा गेला नाही, कारण तिकडे गेलं तर रविवारचं काय, हा त्याचा प्रश्न. एवढ्यासाठी माणूस न्यू जर्सीचा हिवाळा सोसतो, याला निष्ठा म्हणायची की बिनडोकपणा, हे मी अजून ठरवलेलं नाही.

आणि त्याला इतिहास सांगायचा रोग होता. सामना झाला की यजमानांनी पाहुण्या संघाला खाऊ घालायचं, ही त्या क्लबची जुनी रीत. म्हातारा पहाटे उठून हॅमचे सँडविच करायचा, थर्मासमध्ये चहा भरायचा, आणि डिकीच्या दारात उभा राहून वाटायचा. एका हातात सँडविच, तोंडात इतिहास. "माझे वडील आले तेव्हा..." इथून सुरुवात. पाहुणे हुशार होते. सँडविच घेतलं की ते उलटे चालत आपापल्या गाड्यांपर्यंत जायचे, मान डोलवत, आणि दार लावून पसार. मीसुद्धा हिरवा शर्ट भिजून आंघोळ केल्यागत घामाघूम झालेला असायचो, घरी बायको वाट बघत असायची, त्यामुळे बापाचं जहाज न्यू यॉर्कला लागेपर्यंत मी थांबायचो आणि निघायचो. माझ्या माहितीत ते जहाज कधी रिकामं झालंच नाही.

बरीच वर्षं अशी गेली. मग माणसं गळायला लागली. एकाचा गुडघा, दुसऱ्याची पाठ, सुतारांना रविवारची कामं मिळायला लागली, नर्स टेक्सासला गेला. लीगचा नियम साधा होता: शिट्टीच्या वेळी मैदानावर निदान सातजण हवेत. रेफरी पंधरा मिनिटं थांबणार. नाही जमलं तर सामना गेला. एका हंगामात तीनदा असं झालं की क्लब लीगमधून बाद, आणि बाद झालेल्या क्लबचं मैदान काउंटी दुसऱ्या कुणाला देऊन टाकणार.

गेल्या वसंतात आमचे दोन सामने असे गेले. दुसऱ्यांदा आम्ही पाचजण उभे होतो, त्यातला एक गोलकीपर होता आणि त्याच्या हाताला प्लास्टर होतं. रेफरी निघून गेल्यावर म्हातारा सँडविचचा डबा तसाच बंद ठेवून म्हणाला, "बापाने उघडलेलं दार आहे. माझ्या हातून बंद व्हायला नको." एवढंच. इतिहास सांगितला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली.

आणि मी, शिकलासवरलेला माणूस, मदत मागायला कुठे गेलो? मराठी मंडळात.

मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांनी कुणाला काय शिकवलं हे कुणालाच माहीत नाही. मी म्हटलं, "सर, क्रिकेटवाल्यांतले दहाजण द्या. हंगामाचा शेवटचाच सामना उरलाय, एक रविवार. खेळता नाही आलं तरी चालेल, नुसते उभे राहिले तरी क्लब वाचेल. पुढच्या हंगामाला मी माणसं जमवतो."

"अरे, नुसते प्लेयर्स काय मागतोस?" सर म्हणाले. "आपण प्रॉपर इव्हेंट करू. त्या आजोबांना फेलिसिटेट करू. वन इमिग्रंट कम्युनिटी टू अनदर, यू नो? मस्त होईल."

"सर, सत्कार मॅचनंतर करा. आधी दहाला माणसं उभी पाहिजेत."

"डन यार. प्लेयर्स कन्फर्म समज. तू अजिबात टेन्शन घेऊ नकोस."

मराठी माणसाने टेन्शन घेऊ नकोस म्हटलं की घ्यायला सुरुवात करावी, हे मला ठाऊक होतं. पण दुसरा दरवाजा नव्हता. खेळाडूंची लीगकडे रीतसर नोंदणी झाली. म्हाताऱ्याला सांगितलं, तर तो इतका खूश झाला की त्याने मला आमच्या लोकांना हॅम चालतं का ते विचारलं. मी म्हटलं, अर्ध्यांना चालतं आणि अर्ध्यांना बायकोसमोर चालत नाही. त्याने चीजचे वेगळे केले.

रविवारी मी साडेनऊला पोचलो तर मंडळ माझ्या आधी हजर. हे मान्य केलं पाहिजे. मराठी माणूस सामन्याला उशिरा येईल, पण सतरंज्या घालायला वेळेवर येतो. टचलाइनच्या बाहेर, मैदानाकडे पाठ करून, खुर्च्यांच्या रांगा लागल्या होत्या. बॅनर होता, त्यावर म्हाताऱ्याच्या फोटोपेक्षा सरांचा फोटो मोठा. गणपतीतला माइक आणि स्पीकर आणला होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर समई. दहाही खेळाडू आले होते, आणि त्यांनी आमचे हिरवे शर्ट घातले होते, फक्त छातीवर मंडळाचा लोगो इस्त्रीने चिकटवून. पलीकडे पाहुणा संघ, पोर्तुगीज मंडळी, गोल करून चेंडू फिरवत होती आणि आमच्याकडे बघून हसत होती. मला त्यांच्या बाजूने हसावंसं वाटलं.

रेफरी एक मध्यमवयीन बाई होती, शाळेत शिकवणारी. तिला इथून पुढे दुसऱ्या गावात दुसरा सामना होता. तिने बूट बांधले, घड्याळ लावलं, आणि मधल्या वर्तुळात जाऊन उभी राहिली.

इकडे समई लागेना. पार्कात वारा. चारजणांनी चारी बाजूंनी हात धरले, पाचव्याने बॅनर आडवा केला, वात पेटली आणि सर हात जोडेपर्यंत विझली. मी म्हटलं, "सर, नमस्कार केला, झालं. सोडून द्या." ते म्हणाले, "अशुभ वाटतं रे." आयटीतला माणूस, क्लाउडवर लेक्चर देतो. तिसऱ्या खेपेला कुणीतरी बॅटरीवर चालणारा दिवा गाडीतून आणून समईशेजारी ठेवला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग फोनवर गणेशवंदना. मग कार्यकारिणीचा परिचय, नावानिशी, हुद्द्यानिशी, आणि माजी कार्यकारिणी रुसू नये म्हणून तिचाही.

दहा वाजले. रेफरीने शिट्टी वाजवली आणि मनगट वर धरून आमच्याकडे दाखवलं. पंधरा मिनिटं सुरू झाली.

तेव्हा म्हाताऱ्याच्या अंगावर शाल पडत होती. मग श्रीफळ. मग फेटा. फेटा म्हणे कोल्हापुरी. रेडिमेड होता तो, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा, आत इलॅस्टिक. माझ्या गावाचं नाव घेऊन त्या आयरिश डोक्यावर ते टोपलं ठेवलं तेव्हा मला खरोखर लाज वाटली. दहाही खेळाडू फोटोसाठी त्याच्या मागे ओळीत उभे, हात मागे बांधून, शाळेच्या गॅदरिंगसारखे.

मी सरांच्या कानाशी गेलो. "सर, शिट्टी झाली. पंधरा मिनिटांत माणसं आत नसली तर क्लब बाद होईल."

"अरे, थांबेल ती. गेस्टचा सत्कार अर्धवट टाकायचा का? कल्चर आहे की नाही आपल्याला?" आणि माइक म्हाताऱ्याच्या हातात देत म्हणाले, "सर, प्लीज, जस्ट टू वर्ड्स."

दोन शब्द. आयरिश माणसाला.

म्हाताऱ्याने माइक धरला, घसा खाकरला आणि म्हणाला, "माझे वडील आले तेव्हा..."

मी धावत रेफरीकडे गेलो. "माणसं आली आहेत," म्हटलं, "बघा, शर्ट घालून उभी आहेत."

"शर्ट दिसतायत," ती म्हणाली. "टीम दिसत नाही."

मी परत धावलो. ओळीतल्या पहिल्याला दंडाला धरलं. "चल आत."

"अरे, ते बोलतायत ना. मध्येच कसं जायचं? वाईट दिसेल." दुसराही तेच म्हणाला, तिसराही. ऑफिसात मीटिंगमधून कॅमेरा बंद करून भाजी चिरणारी ही माणसं. दोघे आले, मनाविरुद्ध. आमच्यातले उरलेले तिघे, दहाजण येणार म्हटल्यावर, घरीच राहिले होते. मी आणि आमचा गोलकीपर मिळून चौघे झालो आणि मैदानावर जाऊन खांबासारखे उभे राहिलो. पोर्तुगिजांच्या कॅप्टनने मला लांबून अंगठा दाखवला, आणि तो चिडवण्यासाठी होता की कौतुकाने, हे समजून घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

आणि तिथे उभा राहून, स्पीकरमुळे, मी क्लबचा इतिहास पहिल्यांदा पुरा ऐकला.

जहाज अखेर रिकामं झालं. बाप आणि त्याचे मित्र पाण्याच्या पाइपांसाठी चर खणायच्या कामाला लागले. रविवारी चर्चनंतर वीटभट्टीच्या मागे खेळायचे, कारण दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. पहिले शर्ट पांढरे होते, ते एका घरमालकिणीच्या बाथटबात हिरवे रंगवले. पहिल्याच सामन्यात पाऊस आला, रंग सुटला आणि दोन्ही संघ हिरवे होऊन घरी गेले. ती घरमालकीण पुढे बापाची सासू, म्हणजे म्हाताऱ्याची आजी झाली. मग क्लब फुटला. का, तर वार्षिक समारंभाला बँड लावायचा की नुसता अकॉर्डियन, यावरून. अर्धे लोक निघून गेले आणि त्यांनी दोन मैलांवर दुसरा क्लब काढला, तो पुढच्या वर्षी बुडाला, आणि त्यांच्यापैकी एकही लाजेने परत आला नाही. क्लबने आयुष्यात एक कप जिंकला. फायनलला समोरच्या संघाची बस बिघडली म्हणून. तो कप बारमध्ये ठेवला होता, बार विकला गेला, नव्या मालकाने तो कपासकट विकत घेतला आणि आता कपात छत्र्या ठेवतो.

हा इतिहास. याच्यासाठी मी डोक्यात हिशेब करत उभा होतो की सातजण कसे करू. मला म्हाताऱ्याचा संताप आला. इतकी वर्षं पाहुण्यांच्या मागे पळून सांगितलंस, आज पंधरा मिनिटं गप्प बसला असतास तर आणखी वीस वर्षं सांगायला मिळालं असतं.

रेफरीने पुन्हा शिट्टी वाजवली. लांब. तिने सामन्याच्या नोंदीचं कार्ड खिशात ठेवलं, आमच्या गोलकीपरशी हात मिळवला आणि आपल्या गाडीकडे चालू लागली. म्हातारा तेव्हा छत्र्यांपर्यंत आला होता. त्याने भाषण संपवलं आणि खुर्च्यांतून कडकडून टाळ्या झाल्या. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "काय, जमला ना प्रोग्राम? चला, आता मॅच."

मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहिण्याजोगं नाही. कोल्हापुरी होतं एवढं पुरे.

क्लब बाद झाला. मैदान काउंटीने काढून घेतलं आणि अर्ज बघून दुसऱ्यांना दिलं. अर्ज कुणाचा होता? मंडळाच्या क्रिकेट लीगचा. लोक मला म्हणाले, हा कट होता. नव्हता. कट करायची अक्कल त्यांच्यात असती तर मला बरं वाटलं असतं, निदान शत्रू म्हणून मान देता आला असता. त्यांनी क्लब प्रेमाने, आदराने, शाल घालून मारला, आणि अजूनही वर्षातला सगळ्यात यशस्वी कार्यक्रम म्हणून त्याचे फोटो पाठवत असतात.

ऑगस्टमध्ये म्हाताऱ्याचा फोन आला. पोत्यातले बूट कुणाला हवेत का बघ, म्हणाला. मी पार्कात भेटायला गेलो. आमच्या मधल्या वर्तुळावर आता मॅटिंग अंथरलं होतं आणि त्यावर पांढऱ्या कपड्यांतला एकजण मांडी धरून बसला होता. म्हातारा गाडीच्या बॉनेटला टेकून ते बघत होता. शाल गाडीच्या मागच्या सीटवर घडी करून ठेवली होती, आणि तिच्यावर तो फेटा.

मी इतके महिने जमवलेला राग बोलून दाखवला. मंडळाला शिव्या घातल्या, सरांना घातल्या. म्हटलं, तुला कुणी सांगितलं नाही, त्यांनी तुला सांगायला हवं होतं की वेळ संपत आलीय.

"सांगायची गरज नव्हती," तो म्हणाला. "ती बाई माझ्या समोरच उभी होती. घड्याळ दाखवत होती. मला सगळं दिसत होतं."

बापाने उघडलेलं दार, म्हणाला होता. माझ्या हातून नको, म्हणाला होता.

"मग थांबला का नाहीस?"

त्याने मॅटिंगवरच्या माणसाकडे पाहिलं. "आजवर कुणी ती गोष्ट पुरी ऐकली नव्हती," तो म्हणाला. "माझ्या भावांनीसुद्धा नाही. तुझी माणसं रांगेत बसून ऐकत होती. पुढच्या रांगेतली तर एकटक. मला तोडवेना."

पुढच्या रांगेत मंडळाची कार्यकारिणी होती. म्हाताऱ्याच्या बरोब्बर मागे सरांची गाडी उघडी होती आणि तिच्यातून बटाटेवड्यांचे ट्रे उतरत होते. ते तिकडे एकटक बघत होते. मी मैदानातून पाहत होतो, मला सगळं दिसत होतं.

मी पोतं उचललं आणि माझ्या डिकीत ठेवलं.